मेझेन नदीकाठचं लाकूडकाम: वळण झाडातच शोधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काका सत्तरच्या दशकात मॉस्कोला शिकायला होते, येताना त्यांनी एक रंगवलेली लाकडी वस्तू आणली. खाली बसकी पाटी, तिच्यातून काटकोनात वर उठलेला दांडा, दांड्याच्या वर पसरट फळी, आणि फळीवर लाल-काळे घोडे, हरणं, जाळीदार पट्टे. ही वस्तू कसली, कुठली, हिला कुठंच सांधा का दिसत नाही, या चिन्हांचा अर्थ काय, आणि फळीला गेलेली चीर खिळे मारून बंद करू असं सुतार म्हणतोय ते योग्य आहे का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते काम उद्या होऊन बसेल: खिळा मारू देऊ नका. पॉलिशही नको. बाकीचं सावकाश सांगतो. जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करणं हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि रशियाच्या उत्तरेकडचं लाकूडकाम हा त्यातला माझा सगळ्यात आवडता विषय, तेव्हा उत्तर लांबेल.

ही सूत कातायची वस्तू आहे. रशियन भाषेत तिला प्र्याल्का म्हणतात. आपल्याकडच्या चरख्याशी तिचा काही संबंध नाही, हिच्यात फिरणारं काहीच नसतं. बाई बाकावर बसायची, ही आडवी पाटी स्वतःच्या मांडीखाली दाबून धरायची, म्हणजे दांडा तिच्या शेजारी सरळ उभा राहायचा. वरच्या फळीला जवसाच्या झाडाच्या तंतूंचा किंवा लोकरीचा पिंजलेला गुंडा बांधलेला असायचा. डाव्या हातानं त्यातून तंतू ओढायचे आणि उजव्या हातानं टकळी फिरवायची. हिवाळ्याच्या लांब रात्री गावातल्या मुली एका घरात जमून कातायच्या. प्रत्येकीची प्र्याल्का तिच्या खांद्यावरून यायची. त्यामुळे ही नुसती घरातली वस्तू नव्हती, चारचौघींत मिरवायची वस्तू होती. बाप मुलीला किंवा होणारा नवरा बायकोला भेट द्यायचा.

तुमची प्र्याल्का ज्या पद्धतीनं रंगवली आहे ती मेझेन नदीकाठची. नदी अर्खांगेल्स्क प्रांतातून उत्तरेकडे वाहत जाऊन श्वेत समुद्राला मिळते. या चित्रणाचं मूळ ठिकाण म्हणजे पालाश्चेल्ये हे नदीवरचं छोटं गाव, आजच्या लेशुकोन्स्की जिल्ह्यात. जिल्हा १९२९ मध्ये झाला. मुख्य गाव लेशुकोन्स्कोये, मेझेनला जिथं वाश्का नदी मिळते त्याच्या जवळ, साधारण ६५ अंश उत्तर अक्षांशावर. क्षेत्रफळ सुमारे २८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सातपटींहून जास्त, आणि २०१० च्या जनगणनेत माणसं आठ हजारांच्या आत. बाकी सगळं जंगल आणि दलदल. कित्येक पिढ्या तिथला रस्ता म्हणजे उन्हाळ्यात नदी आणि हिवाळ्यात तीच नदी गोठल्यावर तिच्यावरून घसरगाडी.

आता सांध्याचं. तुम्हाला सांधा दिसत नाही, कारण तो नाहीच. पाटी, दांडा आणि फळी हे एकाच झाडाचं एकच लाकूड आहे, आणि तरी ते काटकोनात कोरून काढलेलं नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण त्या मुलखातल्या सगळ्या लाकूडकामाचं मर्म त्यात आहे.

स्प्रूस नावाचं सूचिपर्णी झाड तिथं भरपूर. पाइनचं मूळ जमिनीत सरळ खोल जातं. स्प्रूसचं तसं नाही, त्याची मुळं उथळ असतात आणि बुंध्यातून निघून जमिनीला समांतर, चारी बाजूंना पसरतात. म्हणजे बुंधा उभा आणि जाड मूळ आडवं, असा काटकोन झाडानंच तयार करून ठेवलेला असतो. कारागीर जंगलात हिंडून असं झाड हेरायचा, ज्याचं खोड सरळ आहे, गाठी कमी आहेत आणि एखादं मूळ पाटीएवढं रुंद आहे. मग नुसतं झाड पाडून भागत नसे. भोवतीची माती उकरायची, मूळ लांबवर मोकळं करायचं, तोडायचं, आणि बुंध्याचा खालचा भाग मुळासकट काढायचा. तो पाचरी ठोकून उभा फोडायचा. चांगली मुळं एकाहून अधिक दिशांना गेली असतील तर एका बुंध्यातून एकापेक्षा जास्त प्र्याल्का निघत. मुळाची झाली बसायची पाटी, खोडाचा झाला दांडा आणि फळी. ओबडधोबड आकार कुऱ्हाडीनं द्यायचा, सावलीत हळूहळू वाळवायचं आणि मग सुरी घेऊन बसायचं.

तुमच्याकडची वस्तू हातात घ्या आणि दांडा पाटीला मिळतो ती टाच खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा. बारीक रेघा दिसतील, या झाडाच्या वर्षवलयांच्या कडा. त्या दांड्यातून खाली येतात, टाचेशी वळतात आणि पाटीत शिरून आडव्या धावतात. कुठंही तुटत नाहीत. उत्तरेकडच्या थंडीत झाड इतकं सावकाश वाढतं की त्या रेघा एकमेकींना चिकटल्यासारख्या असतात, भिंग घ्यावं लागेल. हे वळण दिसलं तर समजा, काम अस्सल पद्धतीचं आहे. जाड फळीतून करवतीनं काटकोन कापून काढला असता तर दांड्यात किंवा पाटीत, कुठंतरी एकीकडे, रेषे आडवे तुटले असते, आणि बाई त्यावर वजन देऊन बसल्यावर नेमकं तिथंच लाकूड मोडलं असतं. लाकडाची ताकद त्याच्या रेष्यांच्या लांबीत असते, आडव्या जोडात ते दुबळं असतं. रोज करवत चालवणाऱ्या माणसाला हे हातानं कळतं. आपल्याकडे गावचा सुतार नांगरासाठी बांधावरची नेमकी वाकलेली बाभूळ हेरून ठेवायचा, तीच ही नजर.

आणि ही नजर एका कातायच्या वस्तूपुरती नव्हती. त्या भागातलं जुनं घर बघा. सगळ्यात शिकण्यासारखं असतं ते छप्पर. घराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीही ओंडक्यांच्याच. त्या दोन त्रिकोणांवरून आडवी वासे-लाकडं टाकलेली. त्यांच्यावर उतारानं बारीक स्प्रूस लावत, पण मुळासकट उपटलेले, मुळाचं टोक खाली. मूळ आकड्यासारखं वर वळलेलं असतं. या आकड्यांच्या रांगेत एक लांब, पोखरून पन्हळ केलेला ओंडका झोपवायचा. छपराच्या फळ्यांची खालची टोकं या पन्हळीत टेकतात आणि वरची टोकं माथ्यावर एकत्र येतात. माथ्यावर एक जड ओंडका, खालून खाच पाडलेला, फळ्यांच्या टोकांवर पालथा बसवायचा. तो आपल्या वजनानं सगळं दाबून धरतो, वाऱ्यानं हलू नये म्हणून आरपार लाकडी खुंट्या. अख्ख्या छपरात एक खिळा नाही. त्या माथ्याच्या ओंडक्याचं पुढचं टोकही बुंध्याकडचं, म्हणजे जाड आणि मुळाच्या फुगवट्याचं. त्या फुगवट्यातून घोड्याची मान आणि डोकं कोरत, कधी पक्षी. छपरावरचा तो घोडा वेगळा करून लावलेला नसतो. फळ्या जागच्या हलू न देणाऱ्या ओंडक्याचंच ते टोक आहे. शोभा आणि काम एकाच लाकडात.

खिळे का नाहीत, यावर लोक ठरलेलं उत्तर देतात की लोखंड महाग होतं. महाग होतंच, प्रत्येक खिळा लोहाराच्या ऐरणीवर घडवावा लागे. पण मला त्याहून मोठं कारण लाकडाच्या वागण्यात दिसतं. ओंडक्यांची भिंत पहिली काही वर्षं खाली बसत जाते, ओंडके वाळतात, आकसतात, त्यांच्या फटींत भरलेलं शेवाळ दबतं. उंच भिंत चांगली हातभर खाली येऊ शकते. अशा भिंतीवरचं छप्पर खिळ्यांनी जखडलं तर ते कुठंतरी अडकून फाटणार. आकड्यांवर आणि वजनावर टेकलेलं छप्पर भिंतीबरोबर सरकतं. शिवाय हाडं गोठवणाऱ्या थंडीत लोखंडावर दव धरतं, खिळा गंजतो आणि गंजाभोवतीचं लाकूड आधी कुजतं. तुमच्या चिरेत खिळा नको म्हणालो त्यामागेही हेच आहे. मुंबईच्या पावसाळ्यात तर ते आणखी लवकर होईल.

नावेतही तीच गोष्ट. उत्तरेकडच्या या नद्यांवर एका ॲस्पेनच्या खोडातून पोखरलेली होडी चालायची. खोडाला बाहेरून होडीचा आकार देऊन झाला की बाहेरच्या बाजूनं जागोजाग भोकं पाडून त्यात ठरलेल्या लांबीच्या बारीक खुंट्या ठोकत. होडीच्या भिंतीची जेवढी जाडी ठेवायची तेवढीच खुंटीची लांबी. मग आतून वाकसानं लाकूड तासत जायचं. आत खुंटीचं टोक दिसलं की हात थांबवायचा. मोजपट्टी नको, अंदाज नको, सगळीकडे सारखी जाडी. मला ही युक्ती फार मोलाची वाटते आणि शिकायला येणाऱ्या मुलांना मी ती आवर्जून सांगतो. त्यानंतर होडीत पाणी घालून, खाली विस्तव करून, मऊ झालेल्या कडा हळूहळू फाकवायच्या आणि आत फासळ्या बसवायच्या. मोठ्या, फळ्यांच्या नावांना फासळ्या म्हणून पुन्हा स्प्रूसचं खोड-मुळाचं वळण, आणि फळ्या एकमेकींना जुनिपरच्या किंवा स्प्रूसच्या मुळांच्या दोऱ्यांनी शिवलेल्या. शिवलेली नाव लाटेवर लवचीक राहते. कोकणातही काथ्यानं शिवलेल्या नावा होत्या, तेव्हा हे आपल्या दर्यावर्दींना सांगायला नको.

बर्चच्या सालीची भांडी हा वेगळाच प्रांत आहे, थोडक्यात सांगतो. बर्च हे आपल्या हिमालयातल्या भूर्जाच्याच कुळातलं झाड. जूनच्या सुमारास, रस चढलेला असताना, ओंडक्यावरून साल अख्ख्या नळीसारखी सरकवून काढता येते. ती नळी आत, बाहेरून सालीचा दुसरा थर, खाली लाकडी बूड, वर घट्ट झाकण. उभा जोड नसल्यामुळे द्रव गळत नाही, दूध त्यात थंड राहतं. इथंही कारागीर शिवण टाळायची वाट झाडातच शोधतो.

हे सगळं तिथंच का पिकलं, ते इतिहासातून कळतं. नोव्हगोरोद या जुन्या रशियन नगरराज्याच्या व्यापाऱ्यांनी आणि वसाहतकऱ्यांनी मध्ययुगात या नद्या धरून उत्तरेकडे पाय पसरले, मुख्यतः फरच्या, माशांच्या आणि समुद्री प्राण्यांच्या मागे. १४७८ मध्ये नोव्हगोरोद मॉस्कोच्या ताब्यात गेलं आणि हा मुलूखही. पण जमीनदारांची भूदासपद्धत, जी मध्य रशियात १८६१ पर्यंत शेतकऱ्याला जमिनीला बांधून ठेवत होती, ती इथं रुजली नाही. इथला शेतकरी सरकारला सारा भरायचा, पण त्याच्या डोक्यावर मालक नव्हता. जंगल दाराशी, कुऱ्हाड स्वतःची, हिवाळा अर्ध्या वर्षाहून मोठा. शेती बेताची, थोडं जव पिकायचं. म्हणून मासे, शिकार, घोडे आणि हातकाम यांवर घर चालायचं. मेझेनच्या खोऱ्यात स्वतःची घोड्याची जातही आहे, बुटकी, काटक, खोल बर्फात चालणारी. प्र्याल्कांवर घोडे इतके का, असं विचारलंत तर मी आधी या घोड्याकडे बोट दाखवीन.

सतराव्या शतकात रशियन चर्चमध्ये विधी आणि ग्रंथ सुधारण्यावरून मोठी फूट पडली. जुन्या पद्धतीला चिकटून राहिलेले लोक छळ चुकवायला उत्तरेच्या जंगलांत आले. त्यांचा पुढारी, धर्मगुरू अव्वाकूम, याला आणखी उत्तरेकडच्या पुस्तोझेर्स्क गावी हद्दपार करताना वाटेत मेझेनलाच ठेवलं होतं, १६६४ च्या अखेरीपासून १६६६ च्या सुरुवातीपर्यंत. पुढे १६८२ मध्ये पुस्तोझेर्स्कला त्याला जिवंत जाळलं. जुन्या श्रद्धेच्या लोकांना नवे छापील ग्रंथ चालत नसत, ते जुने ग्रंथ हातानं उतरवून काढायचे, आणि त्या हस्तलिखितांच्या कडांना, मथळ्यांना नक्षी असायची. मेझेन भागातल्या अठराव्या शतकातल्या हस्तलिखितांत याच जातीची नक्षी सापडते. प्र्याल्कांवरच्या चित्रणाचं एक मूळ तिथं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. दुसरे हरणांच्या रांगा पाहून शेजारच्या, रेनडिअर पाळणाऱ्या नेनेत्स लोकांकडे बोट दाखवतात. आणखी काहींना फार जुनी, इतिहासपूर्व शैलचित्रं आठवतात. मला पहिलं मत सगळ्यात पटतं, कारण पेनानं काढलेली रेघ आणि पिसानं काढलेली रेघ यांची चाल सारखी दिसते.

हो, पिसानंच. आता रंगकाम सांगतो, ते अतिशय साधं आहे आणि म्हणूनच अवघड. रंग दोनच. लाल-तांबूस, तो नदीकाठच्या मातीचा, आपला गेरू किंवा काव असते तसा. काळा, तो काजळीचा. दोन्ही लार्च या सूचिपर्णी झाडाच्या डिंकात कालवायचे. लाकडावर खळ नाही, अस्तर नाही, घासून गुळगुळीत केलेल्या उघड्या लाकडावरच काम. लाल रंग आधी. त्यासाठी लाकडाची काडी, टोक ठेचून मऊ केलेली, तिला तिथं तिस्का म्हणतात. काडी टेकवून घोड्याचं अंग, हरणाचं अंग, चौकडीतले ठिपके भरून घ्यायचे. ते वाळलं की रानकोंबड्याच्या पिसाचं टोक काजळीत बुडवून बारीक काळ्या रेघा: पाय, आयाळ, शिंगं, चौकटी, जाळ्या. शेवटी वरून जवसाचं शिजवलेलं तेल, ज्याला आपले रंगारी बेलतेल म्हणतात. त्यानं लाकूड सोनेरी होतं आणि वर्षांनुवर्षं आणखी गडद होत जातं. तुमच्या फळीचा मधासारखा रंग त्या तेलाचा आहे.

घोड्याचे पाय जवळून पाहा. मान कमानीसारखी ताणलेली, अंग भरीव लाल, आणि पाय इतके बारीक की हे जनावर उभं राहील कसं असं वाटावं. पायांच्या आणि शेपटीच्या कडेला आखूड, तिरपे काळे फटकारे, एका लयीत ओढलेले. पीस एकदा बुडवलं की थोड्याच रेघा निघतात आणि खोडून पुन्हा काढायची सोय नाही, कारण उघडं लाकूड रंग पिऊन टाकतं. घोड्यांची रांग, हरणांची रांग, आणि त्यांच्यामध्ये पट्टे: चौकट, जाळी, शिडी, वेटोळी. पुढच्या बाजूला ही शिस्त काटेकोर असते. मागच्या बाजूला कारागीर मोकळा सुटतो. झाडावर बसलेला पक्षी, शिकारी, घसरगाडी, पुढच्या काळात तर नदीवरची आगबोटसुद्धा. मला विचाराल तर खरा माणूस मागच्या बाजूला भेटतो.

चित्रण पुरुषच करायचे, आणि ते घराण्यात चालायचं. अक्स्योनोव्ह, नोविकोव्ह, फेदोतोव्ह, कुझमिन, शिशोव्ह ही पालाश्चेल्येतली घराणी अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. सापडलेली सर्वांत जुनी तारीखवार प्र्याल्का १८१५ ची. पुष्कळ प्र्याल्कांवर कारागिराचं नाव आणि साल असतं, कधी जिच्यासाठी बनवली तिचं नाव. माल नदीमार्गे आणि जत्रांतून शेजारच्या पिनेगा, पेचोरा या नद्यांकाठच्या आणि कोमी या शेजारच्या जमातीच्या गावांपर्यंत जायचा. शेतकऱ्यांचा हा रोख पैशांचा जोडधंदा होता, एवढं विसरू नका. रंग दोनच आणि आकार ठरलेले, यामागे हातचं साहित्य जसं आहे तसंच एका हिवाळ्यात बऱ्याच वस्तू पुऱ्या करण्याची निकडही असणार.

चिन्हांच्या अर्थाचं विचारलंत. इंटरनेटवर तक्ते फिरतात: ही वेटोळी म्हणजे वारा, ही नागमोडी म्हणजे पाणी, ही ठिपक्यांची चौकट म्हणजे पेरलेलं शेत, हा घोडा म्हणजे सूर्य. त्यांतलं काही संभवनीय आहे. ठिपके भरलेला चौकोन म्हणजे पेरलेली जमीन हा अर्थ शेतकरी समाजांत अनेक ठिकाणी आढळतो. पण पालाश्चेल्येच्या कारागिरांनी असा शब्दकोश मागे ठेवलेला नाही. बरेचसे अर्थ नंतरच्या लोकांनी लावलेले आहेत, आणि तक्ता जितका ठाम तितका माझा संशय जास्त. या फळीचं वाक्यासारखं वाचन करू नका. तालावर बेतलेली रचना म्हणून पाहा. लाल ठसा आणि काळी रेघ, जनावर आणि जाळी, रुंद पट्टा आणि अरुंद पट्टा. त्या तालातच कारागिराची पारख होते.

याच हातांची आणखी कामं तिकडे दिसतात. नवस फेडायला उभारलेले लार्चचे उंच कोरीव क्रूस मेझेनच्या गावांत, वाटांवर उभे आहेत. एका ठोकळ्यातून कुऱ्हाडीनं काढलेल्या, हात नसलेल्या बाहुल्या आहेत. आणि अर्खांगेल्स्कच्या साऱ्या उत्तर भागात होणारा लाकडी चिपांचा पक्षी, जो घरात टेबलाच्या वर टांगतात आणि जो चुलीच्या उबदार हवेनं हळूहळू फिरतो. पाइन किंवा स्प्रूसचे दोन सरळ रेष्यांचे तुकडे घ्यायचे, एक डोकं-अंग-शेपटीचा, एक पंखांचा. ओले असताना सुरीनं रेष्यांच्या दिशेनं पातळ पातळ पाकळ्या फाडायच्या, बुडाशी न तोडता. मग एक एक पाकळी वळवून शेजारच्या पाकळीच्या खाचेत अडकवत पंखा उघडायचा. गोंद नाही. करायचा प्रयत्न करायचा असेल तर गाठ नसलेलं, ताजं, सूचिपर्णी लाकूड मिळवा. वखारीतल्या कोरड्या, करवतलेल्या फळीत रेषे कडेला तिरपे सुटलेले असतात आणि पाकळी अर्ध्यातच तुटते. लाकूड कापून नव्हे, फोडून घ्यायला हवं.

विसाव्या शतकात गिरणीचं कापड आलं, सूतकताई संपली, सामुदायिक शेती आली, जंगल सरकारी लाकूडतोडीसाठी गेलं आणि ओंडके मेझेनमधून वाहत खाली करवतगिरण्यांकडे जाऊ लागले. प्र्याल्कांना गिऱ्हाईक उरलं नाही. युद्धानंतरच्या दशकांत रशियाभर छोट्या गावांवर 'भविष्य नसलेली' असा शिक्का बसला, शाळा-दुकानं बंद झाली, माणसं शहरांकडे गेली. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण हात तयार व्हायला जेवढा काळ लागतो त्याच्या तुलनेत ते पांगायला किती थोडा पुरतो. तरी १९६० च्या दशकाच्या मध्यावर पालाश्चेल्येत फ्योदोर मिखाइलोविच फेदोतोव्ह आणि सेलिश्चे गावात फात्यानोव्ह कुटुंबातले दोघे, हे जुन्या कारागिरांचे वंशज, पुन्हा रंगवायला बसले. पुढे अर्खांगेल्स्कच्या कारखान्यात ही शैली डबे, पाट्या, चमच्यांवर आली आणि आज ती शाळांतून शिकवली जाते.

यावरून तुमच्या वस्तूकडे येतो. काकांनी ती सत्तरच्या दशकात आणली, म्हणजे ती जुनी असू शकते किंवा पुनरुज्जीवनानंतरची. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मला ती जुनी वाटते. पाटीच्या वरच्या बाजूला बसून बसून आलेली झिलई आहे, खालची बाजू जमिनीवर घासलेली आहे, आणि फळीच्या मधोमध, जिथं गुंडा बांधत, तिथलं चित्र बाजूंपेक्षा पुसट आहे. विकायला बनवलेली आठवणवस्तू अशी झिजत नाही. पाठीमागे खालच्या कडेला काळी अक्षरं आहेत. अंधाऱ्या खोलीत बाजूनं विजेरीचा उजेड टाकून त्यांचे फोटो काढा. नाव आणि साल वाचता आलं तर मोठं काम होईल. सेंट पीटर्सबर्गच्या राज्य रशियन संग्रहालयात प्र्याल्कांचा मोठा साठा आहे, आणि अर्खांगेल्स्कजवळ माल्ये कोरेलीच्या खुल्या संग्रहालयात मेझेनचा स्वतंत्र विभाग आहे, उचलून नेऊन पुन्हा उभारलेल्या घरांसकट. चांगले फोटो घेऊन अशा ठिकाणी विचारणा करता येते.

चिरेचं. ती रेष्यांच्या दिशेनं गेली आहे, म्हणजे लाकूड सुकून आकसल्याची आहे, मोडल्याची नाही. पावसाळ्यात ती अरुंद होते आणि एसीच्या खोलीत किंवा मार्च-एप्रिलमध्ये रुंद होते का, ते वर्षभर पाहा. हलती चीर भरू नका. पांढरा गोंद आणि भुसा घालून ती बुजवली तर पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगायला जागा उरणार नाही आणि शेजारी दुसरी चीर जाईल. चीर स्थिर असेल आणि फळी हातात लपलपत असेल, तरच आतून थोडा सरस लावून हलक्या दाबानं बसवायची. सरस गरम पाण्यानं पुन्हा सोडवता येतो, म्हणून तो. हे काम जुन्या वस्तूंची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

ओल्या फडक्यानं पुसू नका, रंग मातीचा आणि काजळीचा आहे, वरचा तेलाचा थर जिथं झिजलाय तिथं तो निघून येईल. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडणं पुरे. चकाकीसाठी बेलतेल चोळायचा मोहही आवरा, त्यानं धूळ कायमची चिकटते. इतर कुठल्या लाकडावर ते तेल वापरलंत तर तेलाचे बोळे चुरगाळून डब्यात टाकू नका, ते आतल्या आत तापून आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. वस्तू बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, उन्हात नको, एसीच्या झोताखाली नको. पाटीच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्याखाली पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर पोखरणारा भुंगा जिवंत आहे. तसं असेल तर वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाकीच्या लाकडी सामानापासून लगेच दूर ठेवा आणि मला कळवा, पुढचं काय करायचं ते भोकांचे फोटो पाहून सांगतो.